चिजेचा धनी कोण?

२०२५ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे जो एक दावा गाजला, त्याकडे आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी सिनेमाच्या जगातील एक कटकट एवढ्याच दृष्टीने पाहिले असेल. डागर घराण्यातील एका धृपदियांचे म्हणणे असे होते की, आपले वडील नासिर फैयाजुद्दीन डागर व चुलते जहिरुद्दीन डागर यांनी बांधलेल्या 'शिवस्तुती' नामक रचनेवरून एका तमिळ बोलपटातील गाणे उचलले आहे, आणि मूळ कर्त्यांचे नाव मात्र कोठेही घातलेले नाही. एप्रिल महिन्यात एका न्यायमूर्तींनी वादीच्या लाभाचा अंतरिम हुकूम दिला; सप्टेंबरात खंडपीठाने तो रद्द केला. खंडपीठाच्या म्हणण्याचा मथितार्थ इतकाच की, अमक्याने चीज गायिली एवढ्यावरून ती त्यानेच रचली असे प्रथमदर्शनी धरून चालता येत नाही. कर्तृत्वास निराळा पुरावा पाहिजे.

ज्याने चार दिवस तरी वकिली केली आहे त्यास ह्या विचारसरणीत वावगे काही दिसणार नाही. घरात राहणारा तो घराचा मालक असे कोणतेच न्यायालय म्हणत नाही. दाव्यात कोण जिंकले व कोण हरले याची चर्चा येथे करावयाची नाही. आम्हांस जो सल आहे तो निराळाच. ज्या देशात दोन-अडीचशे वर्षे ख्याल व त्याहून अधिक काळ धृपद गायिले जात आहे, त्या देशात अमुक चीज अमक्याने केली हे सिद्ध करावयास एक चिठोरे मिळू नये, ही स्थिती कोणी आणिली? आमच्या पेठेतील अडत्या दहा रुपयांच्या मालासदेखील कोणाकडून आला, कोणास गेला, हे वहीत मांडल्यावाचून राहत नाही. आणि जो माल शतकानुशतके लक्षावधी लोकांनी आपल्या कानांनी भोगला, त्याची खतावणी कोरी!

पूर्वीच्या गुणी लोकांस ही जाणीव नव्हती असे मुळीच नाही. दिल्लीच्या महंमदशहा रंगील्याच्या दरबारी जे नियामतखां होते, त्यांनी आपल्या ख्यालांत 'सदारंग' ही मुद्रा घातली. त्यांच्यामागून फिरोजखांनी 'अदारंग' ही घातली. अल्लादियाखांची 'अहमदपिया', आग्रेवाले फैयाजखांची 'प्रेमपिया', विलायत हुसेनखांची 'प्राणपिया', ह्या सर्व मुद्रा म्हणजे हुंडीवरील सह्याच होत. अंतऱ्यातील दोन-चार अक्षरांत कर्ता आपले नाव अशा बेताने बसवितो की, कागद नसला तरी गळ्यागळ्यांतून ती सही पुढे चालावी. परंतु सहीची जी गत बाजारात होते तीच येथेही झाली. पतवाल्या पेढीची सही खोटी करणारे निघतात. त्याप्रमाणे पुढच्या लोकांनी आपण केलेल्या चिजा खपाव्या म्हणून त्यांत सदारंगांचे नाव घातले. आता खरा सदारंग किती व बनावट किती, हे निवडणे तज्ज्ञांनाही दुष्कर झाले आहे. आणि ज्या चिजांत मुद्राच नाही त्यांच्याविषयी तर बोलावयासच नको. त्या सर्वांच्या कपाळी आम्ही एकच शिक्का मारून ठेविला आहे, व तो म्हणजे 'पारंपरिक'.

ह्या एका शब्दाने जेवढी नावे गिळली आहेत तेवढी पानिपताच्या रणाने गिळली नसतील! बैठकीच्या पत्रकात पाहावे, तबकडीच्या वेष्टनावर पाहावे, हल्ली भ्रमणध्वनीवर गाणे ऐकताना खाली जी ओळ उमटते तेथे पाहावे. जेथे कर्त्याचे नाव पाहिजे तेथे 'पारंपरिक' हा शब्द आहे. जणू काही परंपरा नावाची कोणी बाई पहाटे उठून जात्यावर बसली आणि दळता दळता तिने मालकंसातील बडे ख्याल बांधिले. परंपरा चिजा करीत नाही; मनुष्य करितो. त्या मनुष्यास भूक असते, मुलेबाळे असतात, धनी असतो, आणि बहुधा कर्जही असते.

आता ह्या अज्ञानाचा दोष कोणाचा असे विचारले असता, आमच्या सुशिक्षित मंडळींचे उत्तर ठरलेले असते: जुन्या उस्तादांचा व त्यांच्या चोरून ठेवण्याच्या वृत्तीचा. उस्ताद विद्या लपवीत हे खोटे नाही. ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सूखांची आख्यायिका प्रसिद्धच आहे. शिंदे सरकारांनी त्या भावांस आडोशास बसवून बडे महंमदखांचे गाणे ऐकविले व अशा रीतीने त्यांनी ती अवघड तान उचलली, असे सांगतात. मुलीच्या लग्नात जावयास चिजा आंदण दिल्याच्या गोष्टीही जुन्या घराण्यांतून ऐकू येतात. शिष्याने दहा वर्षे पाणी भरावे, चिलीम भरावी, आणि अस्ताई मिळाली तरी अंतरा मिळू नये, हा अनुभव आमच्याकडील थोर गवयांनीही घेतला. सावंतवाडीकडील रामकृष्णबुवा वझे लहानपणी विद्येसाठी घर सोडून पायपीट करीत ग्वाल्हेरीस निसार हुसेनखांकडे पोहोचले. त्या दिवसांच्या हालअपेष्टा त्यांनी पुढे आपल्या 'संगीत कला प्रकाश' ह्या ग्रंथात सांगितल्या आहेत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी वासुदेवबुवा जोशांपाशी राहून जी गायकी महाराष्ट्रात आणिली, तीही अशीच कष्टाने.

परंतु उस्तादांस कृपण म्हणण्यापूर्वी त्यांच्या बाजूचे वकीलपत्र कोणी तरी घ्यावयास पाहिजे, आणि ते आम्ही घेतो. आमच्या १९५७ च्या लेखाधिकाराच्या कायद्यात संगीतकृतीची जी व्याख्या होती, तीत ती छापलेली, लिहिलेली अथवा अन्य रीतीने चिन्हांकित केलेली असली पाहिजे अशी अट होती. ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली, आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्यास आपल्या सादर केलेल्या कलेवर स्वतंत्र हक्क आहे हेही त्याच दुरुस्तीने प्रथम मान्य झाले. म्हणजे काय, ते वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. ज्याने आयुष्यात एक अक्षर लिहिले नाही व सर्व काही कंठात ठेविले, त्या खांसाहेबांची सर्व दौलत स्वतंत्र हिंदुस्थानच्या ह्या कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ चार दशके दौलतच नव्हती! ज्याच्या घरास सरकारी कुलूप मिळत नाही, त्याने दारास स्वतःची कडी घातली तर त्यास चोर म्हणावे काय? संस्थानिकाची मर्जी फिरली की उद्याची चूल बंद. अशा स्थितीत जी चीज दुसऱ्यास येत नाही तीच काय ती पोटाची हमी. आमच्यापैकी किती व्यापारी आपल्या अत्तराचा अथवा मसाल्याचा मेळ शेजारच्या दुकानदारास सांगतात?

ही कडी ज्यांनी उघडिली त्या पुरुषांत पहिला मान एका वकिलाचा आहे, हे लिहिताना आम्हांस आमच्या धंद्याविषयी क्वचित वाटणारा अभिमान वाटतो. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वरास झाला. १८८७ साली ते कायद्याची परीक्षा उतरले. काही काळ कराचीस व पुढे मुंबईस त्यांनी वकिली केली. पारशी गृहस्थांनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते विद्यार्थिदशेतच, १८८४ साली, शिरले होते. तेथे व रावजीबुवा बेलबागकरांसारख्या गुणिजनांपाशी त्यांनी धृपदे व ख्याल शेकड्यांनी घेतले. १९०० साली पत्नी वारली, १९०३ साली एकुलती मुलगी वारली. दुसरा कोणी असता तर काशीस गेला असता. भातखंडे बाहेर पडले ते पुरावा गोळा करावयास. १९०४ साली दक्षिणेत गेले. एट्टयपुरमास सुब्बराम दीक्षितांस भेटले, जुन्या ग्रंथांच्या प्रती पाहिल्या. १९०७ त नागपूर, कलकत्ता, पुरी ह्या बाजूस. १९०८ त प्रयाग, काशी व उत्तरेकडील इतर शहरांत. जेथे जात तेथे प्रश्नांची यादी बरोबर असे, आणि साक्षीदाराने दिलेले उत्तर दुसऱ्या साक्षीदाराशी ताडून पाहिल्यावाचून ते स्वस्थ बसत नसत. ही उलटतपासणी पुष्कळ उस्तादांस रुचली नाही. कित्येकांनी तोंडे फिरविली. पण जयपूरच्या महंमद अलीखांच्या घरी मनरंगांच्या परंपरेतील चिजांचे जे भांडार होते ते त्यांस मिळाले, आणि मेणाच्या नळ्यांचे ध्वनिलेखन यंत्र तेव्हा नुकतेच निघाले होते, त्याचाही त्यांनी त्या कामी उपयोग केला.

ह्या उद्योगातून जे निघाले त्यास तोड नाही. संस्कृतात 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्', मराठीत चार भागांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति', जिचा पहिला भाग १९१० साली व शेवटचा १९३२ साली बाहेर पडला, आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग, ज्यांत अठराशेच्या घरात चिजा स्वरलिपीसह आहेत. ज्यांपैकी एक मिळावी म्हणून पूर्वी शिष्याच्या तारुण्याची दहा वर्षे जात, त्या चिजा चार-दोन रुपयांस टपालाने घरपोच होऊ लागल्या. हे सर्व मराठीत झाले, याचा विसर मराठी माणसास पडावा हे मात्र आश्चर्य! उत्तरेतील विद्यार्थी त्यांचे हिंदी भाषांतर वाचून पंडित झाले, आणि आमच्या घरातील मूळ प्रत माळ्यावर धूळ खात पडली. १९१६ ची बडोद्याची परिषद, पुढे दिल्ली, काशी व लखनौ येथील परिषदा, १९२६ त लखनौस निघालेले मॉरिस कॉलेज (जे आज त्यांच्याच नावाचे विश्वविद्यालय आहे), हा सर्व पसारा एका विधुर वकिलाने उभा केला. १९३६ च्या सप्टेंबरात, गणेशचतुर्थीस, ते निवर्तले.

एवढे ऋण मान्य करून आता तक्रार. क्रमिक पुस्तक उघडावे; राग आहे, ताल आहे, शब्द आहेत, स्वर आहेत. ती चीज कोणाच्या मुखातून, कोणत्या गावी, कोणत्या साली टिपून घेतली, हे त्या चिजेखाली बहुधा छापलेले आढळत नाही. वकिलाने साक्ष नोंदविली आणि साक्षीदाराचे नाव गाळले! ज्या पुरुषाने पुराव्यासाठी हिंदुस्थान पालथा घातला, त्याच्याच वहीत पुरावा देणारा अनामिक राहावा, याचे कारण आम्हांस एकच दिसते. व्यक्तीपेक्षा शास्त्र मोठे, असा त्या पिढीचा दृढ समज होता, व भातखंड्यांनी तो स्वतःसही लावून घेतला. संस्कृत ग्रंथावर त्यांनी 'चतुर पंडित' म्हणून सही केली, मराठी ग्रंथावर 'विष्णुशर्मा' म्हणून. स्वतः रचलेल्या चिजांतही 'चतुर' एवढेच. आपले नाव लपविणे हा विनय होय, आणि तो त्यांस शोभला. पण दुसऱ्याचे नाव लपविण्यास विनय म्हणत नाहीत. जे खांसाहेब स्वतः लिहू शकत नव्हते त्यांचे नाव लिहून ठेवण्याची संधी एकदाच आली होती, आणि ती गेली.

विष्णु दिगंबर पलुसकरांची कथा निराळी. त्यांनी चिजा कोणाच्या याचा खल केला नाही, त्या कोणी गाव्या याचा केला. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाणे सभ्य गृहस्थाच्या दिवाणखान्यात आणिले, मुलींस शिकविले, गवयास मान मिळवून दिला; मुंबईची इमारत कर्जापायी हातची गेली तरी त्यांचा बाणा ढळला नाही. पण ह्या सभ्यतेच्या शुद्धीत एक वर्ग बाहेरच राहिला. 'कुलीन स्त्रियाही आता गाऊ लागल्या' असे जेव्हा आम्ही कौतुकाने लिहितो, तेव्हा त्या 'ही'त केवढे पाप दडले आहे याचा विचार कोणी करितो काय? त्यापूर्वी शे-दोनशे वर्षे गाणे ज्यांनी सांभाळिले त्या कलावंतिणी, ज्यांस देवळाच्या सेवेत जन्म लाभला व आडनाव म्हणून गावाचे नाव लावावे लागले, त्यांचे उपकार ह्या वाक्यात कोठे बसतात?

गोमंतकातील दोन बाया घ्या. केरी गावच्या केसरबाई केरकर, जन्म १८९२. अब्दुल करीमखां, रामकृष्णबुवा, भास्करबुवा बखले यांच्याकडे तुकड्यातुकड्यांनी शिक्षण झाले. १९२१ पासून अल्लादियाखांचे शिष्यत्व, ते खांसाहेबांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत. आणि कुर्डी गावच्या मोगूबाई, जन्म १९०४. लहानपणीच आई गेली. नाटक मंडळ्यांतून कामे करीत सांगलीस आल्या असता अल्लादियाखांनी त्यांचा आवाज ऐकिला व तालीम दिली. मध्ये ती तुटली. आग्रेवाल्यांकडे, मग खांसाहेबांचे बंधू हैदरखांकडे, असे करीत करीत १९३४ च्या सुमारास पुन्हा अल्लादियाखांकडेच. खांसाहेबांनी स्वतःची तबकडी कधीच निघू दिली नाही. त्यांचे पुत्र मंजीखां १९३७ साली, बापाच्या डोळ्यांदेखत, वारले. भूर्जीखां १९५० साली. मंजीखां व भूर्जीखां यांच्याकडून ती विद्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी घेतली, हे खरे. पण ह्या गायकीचा मोठा प्रवाह वाहिला तो केसरबाई, मोगूबाई, लक्ष्मीबाई जाधव ह्या बायांच्या गळ्यांतून, आणि पुढे मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्या. ज्या वर्गातील स्त्रीस बापाचे नाव लावता येत नव्हते, तिने गुरूच्या विद्येचा वारसा चालविला. वारसाहक्काच्या पुस्तकात असा दाखला आम्ही अद्यापि पाहिलेला नाही.

आणि लोकांनी त्यांचे काय केले? केसरबाईंच्या भैरवीची तबकडी अमेरिकन लोकांनी १९७७ साली आपल्या 'व्हॉयेजर' यानांत घालून आकाशात पाठविली. दुसरे यान ५ सप्टेंबरास सुटले; बाई १६ सप्टेंबरास वारल्या. ते यान आता सूर्याच्या अमलाबाहेर गेले आहे. ही गोष्ट आज शाळेतील पोरही सांगते. ती ठुमरी कोणी बांधिली हे त्याच पोरास विचारावे; पोरास सोडा, मास्तरांस विचारावे. मोगूबाईंचे कुर्डी गाव तर साळावलीच्या धरणात बुडाले. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले म्हणजे घरांचे चौथरे वर येतात, मूळचे रहिवासी त्या दिवसांत तेथे जाऊन उत्सव करितात, आणि पाऊस आला की पुन्हा सर्व पाण्याखाली. निदान वर्षातून एकदा तरी ते वर येते. आमच्या गायकांची चरित्रे त्याहूनही खोल आहेत.

चरित्रे म्हणून जे लिहिले जाते त्याविषयीही दोन शब्द स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. अमक्याने दिवा लाविला, तमक्याने पाऊस पाडिला, तिसऱ्याने एका तानेत हत्ती थांबविला! गवयास बिदागी किती मिळे, तो कोणाचे देणे लागत असे, कोणास किती वर्षे शिकविले, कोणास नाकारिले व का, हे विचारले की लेखक महाशय गप्प. याला एक सुखद अपवाद अल्लादियाखांचाच आहे. त्यांनी आपली जीवनकथा आपले नातू अजीजुद्दीनखां यांस सांगून लिहविली. ती पुष्कळ वर्षांनी इंग्रजीत छापली गेली, आणि तीत संस्थानिकांची मर्जी, प्रवास, आप्तांची भांडणे, पैशाची ओढ सर्व काही आहे. कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या पदरी आयुष्याची ऐन वर्षे घालविलेल्या पुरुषाची कथा आधी मराठीत यावी, असे कोणासही वाटले नाही काय?

कोणी म्हणेल, संपादकमहाशय, चीज गोड लागली म्हणजे झाले. आंबा खावा, कोयी मोजू नये. हा युक्तिवाद खाणाऱ्याने करावा हे ठीकच आहे. ज्याने झाड लाविले त्याच्या तोंडी तो कधी ऐकिला नाही. दुसरे कोणी म्हणेल की, नावे शोधू लागलो तर हक्कांचे दावे उभे राहतील, आणि एकाचे गाणे दुसऱ्यास गाता येणार नाही. ही भीती मात्र खोटी नव्हे, आणि तिला उत्तर दिलेच पाहिजे. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी रचना सर्वांची होते, असा आजचा कायदा आहे. तेव्हा जुन्या चिजांचा फार मोठा भाग कोणीही गावा, कोणीही शिकवावा, त्यास हरकत नाही व नसावी. भातखंड्यांनी उघडलेली कडी पुन्हा लावावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मालकी निराळी आणि श्रेय निराळे. शेत सर्वांचे झाले तरी विहीर कोणी खणली हे सांगण्यास पैसा पडत नाही.

म्हणून जे आजच करता येण्यासारखे आहे तेवढेच मागतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी मुले गावोगावी आहेत. त्यांच्या वहीत प्रत्येक चिजेखाली दोन ओळी असाव्या: रचना कोणाची, व मला कोणाकडून मिळाली. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असे लिहावे. 'पारंपरिक' लिहू नये. 'ठाऊक नाही' ह्या शब्दांत शोध करण्याची इच्छा शिल्लक राहते, 'पारंपरिक' म्हटले की दप्तर बंद होते. जे वृद्ध गुरू व गुरुभगिनी आज हयात आहेत, त्यांच्याकडून ही माहिती यंत्रावर बोलवून घ्यावी. यंत्र तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे, मेणाच्या नळ्या वाहून नेण्याचे कष्ट उरले नाहीत. आणि पेठेतील जे शेठजी गणेशोत्सवातील बैठकींस देणग्या देतात, ज्यांची नावे पत्रकाच्या माथ्यावर गायकाहून मोठ्या ठशात छापली जातात, त्यांनी देणगी देताना एक अट घालावी: माझ्या नावाखाली तबलजीचे, पेटीवाल्याचे, तंबोऱ्यावर बसणाऱ्या शिष्याचे आणि चिजेच्या कर्त्याचे नाव असेल तरच पैसे.

आमच्यापुरते म्हणाल तर, येत्या महिन्यापासून ह्या पत्राकडे येणारे गाण्याच्या बैठकीचे वृत्त आम्ही चिजेच्या कर्त्याचे नाव विचारल्यावाचून छापणार नाही. ते न पाठविणाऱ्या मंडळींचे वृत्त एक दिवस उशिरा येईल. त्या दिवसात त्यांनी आपल्या बुवांस अथवा बाईंस जाऊन विचारावे.